नवव्या खड्ड्यावरची शेळी

गोल्फ हा सभ्य लोकांचा खेळ आणि गणित हा सभ्य लोकांचा विषय. दोन्ही एकत्र केले तर सभ्यता दुप्पट होईल, असा माझा साधा हिशेब होता. हयातभर पोरांना गणित शिकवलेल्या माणसाचा हिशेब किती चुकू शकतो हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने आमच्या इमारतीच्या मागच्या हिरवळीवर यावं. फक्त खड्डे सांभाळून चालावं.

गोष्ट सुरू झाली ती नगरपालिकेच्या एका सूचनेपासून. इमारतीमागची हिरवळ ‘विनावापर’ पडून असल्यामुळे तिथे गाड्या लावायची सोय करण्यात येईल, असा मजकूर दारावर डकवलेला होता. आता विनावापर म्हणजे काय? तिथे एक अक्रोडाचं झाड आहे, झाडाखाली बाक आहे आणि बाकावर माझी बायको एमोके आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला जेमतेम तेवढंच चालता येतं. लिफ्टने खाली, तिथून बाक, बाकावर विणकाम आणि शेजारणींशी दुनियेची धुणी. नदीकाठ तिच्यासाठी संपला, बाजार संपला, चर्चच्या पायऱ्या संपल्या. एवढा एक बाक उरला होता, आणि त्याच्यावर आता डांबर ओतणार होते.

आमच्या इमारतीत या बातमीने आनंद झालेला एकच इसम होता. पहिल्या मजल्यावरचे देझ्यो सर. हे निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक. त्यांनी म्हातारपणी एक भली थोरली गाडी घेतली आहे आणि ती आपल्या खिडकीतून दिसावी एवढीच त्यांची इच्छा. लहानपणी गणिताच्या मासिकात अवघड प्रश्न सोडवणाऱ्या मुलांचे फोटो छापून यायचे, त्यात देझ्यो सरांचा फोटो आला होता. आमच्या हंगेरीत ज्याचा फोटो त्या मासिकात आला, तो माणूस मरेपर्यंत खाली उतरत नाही. माझं फक्त नाव आलं होतं. तेही चुकीचं छापलं होतं.

“तिवादार सर,” जिन्यात भेटले तेव्हा देझ्यो म्हणाले, “जमाना बदलतो. आपण बदलायला हवं.”

“तुम्ही बदला,” मी म्हटलं. “मी अर्ज करतो.”

हे मी का म्हटलं ते मला आजही कळलेलं नाही. अर्ज ही अशी गोष्ट आहे की ती करेपर्यंत माणूस सुखात असतो.

नगरपालिकेच्या क्रीडा विभागात बार्नाबाश नावाचा साहेब होता. मी त्याला ओळखलं नाही, पण त्याने मला पाहून खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसला, त्यावरून माझा विद्यार्थी असावा अशी नुसती शंका आली.

“जागा वाचवायची तर ती क्रीडांगण हवी, सर,” तो म्हणाला. “तिथे कोणता खेळ चालतो?”

“फुटबॉल.”

“फुटबॉलला मैदान आहे गावात.”

“बास्केटबॉल?”

“आहे. टेनिसही आहे. गावात ज्याला मैदान नाही असा खेळ सांगा.”

गावात मैदान नसलेला एकच खेळ मला त्या क्षणी सुचला, तो म्हणजे गोल्फ. बार्नाबाशने एक जाड पुस्तक काढलं आणि सांगितलं की गोल्फला साठ हेक्टर जमीन लागते. आमची हिरवळ म्हणजे दोन लग्नांचे मांडव शेजारीशेजारी पडतील एवढी.

“हा साधा गोल्फ नाही,” मी म्हणालो. माणूस खड्ड्यात पडला की आणखी खणतो, तसं माझं झालं. “हा गणितगोल्फ आहे. यात चेंडू कमी फिरतो आणि डोकं जास्त.”

“म्हणजे कसं?”

“प्रत्येक खड्ड्यापाशी एक गणित. त्याचं उत्तर जेवढं येईल, बरोबर तेवढ्याच फटक्यांत चेंडू खड्ड्यात गेला पाहिजे. एक कमी नाही, एक जास्त नाही.”

बार्नाबाशने पेन खाली ठेवलं. मग तो मला म्हणाला की गणित असेल तर हे प्रकरण शिक्षण विभागाचं. शिक्षण विभागातल्या बाईंनी सांगितलं की गोल्फ अभ्यासक्रमात नाही, तेव्हा क्रीडा विभागात जा. क्रीडा विभागाने विचारलं की गवत कुणाचं, आणि गवत उद्यान विभागाचं निघालं. आमच्या गावात उद्यानं आणि स्मशानं एकाच विभागाकडे आहेत. तिथला भला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, “काका, इतक्या लवकर?” मी पुन्हा बार्नाबाशपुढे जाऊन बसलो तेव्हा माझा चेहरा बघून त्यालाही दया आली असावी.

“एकच अडचण आहे, सर. खेळात घाम यायला हवा. गणितात घाम येत नाही.”

“तू माझ्या वर्गात बसला नव्हतास, म्हणून असं म्हणतोस.”

“बसलो होतो, सर,” बार्नाबाश शांतपणे म्हणाला. “पाचपैकी दोन गुण दिले होते तुम्ही मला.” आणि त्याने शिक्का मारला. एक स्पर्धा भरवून दाखवा, मी स्वतः बघायला येईन, नंतर समिती निर्णय घेईल, असं ठरलं.

खेळाडूंना डॉक्टरांचा दाखला लागतो. आमच्या डॉक्टरांनी मला विचारलं, नेमके श्रम कसले? मी त्यांच्या खोलीत छत्री फिरवून दाखवली आणि मग भिंतीकडे बघत विचार करून दाखवला. त्यांनी रक्तदाब मोजला आणि लिहून दिलं, “चालण्यास हरकत नाही. विचार बेताने करावा.”

इमारतीच्या सभेत मी खेळ समजावून सांगितला. आमच्या सोसायटीचा कारभार बोर्बालाबाई बघतात. त्यांना कुणी काही विचारलं नाही तरी त्या सल्ला देतात, आणि विचारलं तर दोन देतात.

“खड्डे किती?” बोर्बालाबाई.

“नऊ.”

“एवढे कशाला? मैदान म्हणायचं का चाळणी?”

“गोल्फमध्ये अठरा असतात.”

“श्रीमंतांना काय, कुठेही पडतात ते,” बोर्बालाबाई म्हणाल्या. “गणितं मात्र तुम्ही एकट्याने घालायची नाहीत. तुमची गणितं रडकी असतात. माझा भाचा अजून तुमच्या नावाने दचकतो. प्रत्येक खड्ड्याचं गणित वेगळ्याने घालायचं.”

हे सगळ्यांना पटलं. देझ्यो सर तोवर कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते. गणितं घालायची निघाली तशी त्यांची घडी सुटली.

“नववं मी घालीन,” ते म्हणाले. “तत्त्व म्हणून मी या खेळाच्या विरोधात आहे. पण शेवटच्या खड्ड्याला गणित तरी गणितासारखं असावं. आणि एक नियम लिहून घ्या. ज्याने गणित घातलं त्याने उत्तर सांगायचं नाही. खेळाडूंनी ते स्वतः काढायचं.” हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात त्या मासिकातला फोटो स्पष्ट दिसत होता.

खड्डे खणायच्या कामाला सगळी इमारत लोटली. मटारचे रिकामे डबे जमिनीत पुरायचे एवढंच काम, पण आमच्याकडे प्रत्येकाच्या बापाने द्राक्षाची बाग केलेली असल्यामुळे खणण्यावर प्रत्येकाचं मत असतं. चौथा खड्डा जरा खोल व्हावा असं बोर्बालाबाईंना वाटलं. कुदळ गरम पाण्याच्या नळाला लागली आणि हिरवळीवर कारंजं उडालं. सबंध इमारतीला गार पाण्याने आंघोळी कराव्या लागल्या. लोक टॉवेल गुंडाळून जिन्यात येऊन मला दोष देऊ लागले. पाणी उडालं ते बोर्बालाबाईंच्या कुदळीने, पण खेळ माझा ना! घरी एमोके म्हणाली, “तू एवढं अंगावर कशाला घेतलंस, तिवादार? दुसरीकडे कुठेतरी बसेन मी.” पण दुसरीकडे म्हणजे कुठे, ते तिनेही सांगितलं नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढून ती खाली बघत राहिली.

त्यानंतर मात्र मी मागे हटलो नाही.

स्पर्धेच्या दिवशी कुणाकडेही गोल्फची काठी नव्हती. मी जुन्या बाजारातून एक आणली होती, ती डावखुऱ्याची निघाली. बाकीच्यांनी छत्र्या, हातकाठ्या आणि एकाने धुराडं साफ करायचा दांडा आणला होता. बार्नाबाश गळ्यात शिट्टी अडकवून हजर झाला. एमोके बाकावर बसली होती. तिच्याभोवती शेजारणी, टोपलीत खारी बिस्किटं आणि मोठ्या बरणीत वाईन. जत्रा जमावी तशी माणसं जमली होती.

पहिल्या खड्ड्याच्या गणिताचं उत्तर सहा होतं. देझ्यो सरांनी छत्रीने पहिलाच फटका मारला आणि चेंडू गवतावरून, अक्रोडाच्या मुळावर आपटून, थेट डब्यात गेला. असा फटका जगात कुठेही टाळ्या घेऊन जातो. आमच्याकडे शिट्टी वाजली.

“बाद,” बार्नाबाश म्हणाला. “पाच फटके कमी पडले.”

“उरलेले पाच मी हवेत मारतो!”

“चेंडू खड्ड्यात गेला की खेळ संपला, सर.”

“मग एवढं उत्तम खेळल्याची शिक्षा?”

“हो,” मी म्हणालो. “यात अचूकपणा लागतो. पदार्थविज्ञानात चालत असेल अंदाजपंचे.”

आता माझ्यासारख्या माणसाला हा खेळ किती मानवतो ते बघा. मला गोल्फ अजिबात येत नाही, त्यामुळे सहा फटके मला सहज लागतात. ज्यांना नीट मारता येत होतं ते बिचारे चेंडू डब्याच्या तोंडाशी आणून परत मागे ढकलत बसले होते.

दुसऱ्या खड्ड्याच्या गणिताला दोन उत्तरं निघाली, तीन आणि उणे चार. बोर्बालाबाईंनी उणे चार निवडलं. चेंडू आधी डब्यात ठेवून त्यांनी तो चार फटक्यांत बाहेर काढत नेला आणि स्वतः पाठमोऱ्या चालत गेल्या. यावर बराच वाद झाला. शेवटी बार्नाबाशने ते मान्य केलं, कारण त्याला उणे संख्या शाळेतही कधी कळल्या नव्हत्या आणि ते कबूल करायला तो माझ्यासमोर लाजत होता.

तिसऱ्या खड्ड्याचं गणित वाईन आणि सोड्याचं होतं. आता आमच्याकडे वाईनमध्ये सोडा किती घातला की त्या पेल्याचं नाव काय होतं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तीन भाग वाईन आणि दोन भाग सोडा याला ‘घरकारभारी’ म्हणतात. अपूर्णांक शिकवायला या देशात शाळेची गरज नाही. पण लोक म्हणाले की तोंडी उत्तराचा काय भरवसा, करून बघायला हवं. सगळ्यांनी करून बघितलं. काहींना शंका राहिली म्हणून पुन्हा करून बघितलं. चौथ्या खड्ड्यापासून पुढे कुणाचा चेंडू कुठे गेला याचा हिशेब मीही ठेवू शकलो नाही. एक तर बार्नाबाशच्या बुटात सापडला.

एवढं होऊनही आठव्या खड्ड्यानंतर सगळ्यांच्या पुढे कोण होतं? मी. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी खेळात मी पहिला होतो. छाती फुगली होती आणि बाकावरून एमोके हात हलवत होती. मला खूप बरं वाटत होतं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आणि मग नववा खड्डा आला. देझ्यो सरांनी घरून स्वतःचा फळा आणला होता. त्यावरचं कापड त्यांनी पुतळ्याचं अनावरण करावं तसं काढलं. त्रिकोणी कुरण, तीन कोपऱ्यांना तीन शेळ्या, प्रत्येकीला अमुक लांबीचा दोर, प्रत्येकीचं खाणं तिच्या वयाच्या हिशेबात, पहिली दुसरीपेक्षा दुप्पट खाते, कुरण अमुक वेळात संपतं, तर तिसऱ्या शेळीचं वय काय? फळा वरपासून खालपर्यंत भरला होता.

त्यानंतर जे झालं ते फक्त आमच्याच लोकांत होऊ शकतं. सगळ्यांनी छत्र्या टाकल्या. चेंडूंकडे कुणी ढुंकून बघेना. लोक गवतात बसून काड्यांनी मातीत त्रिकोण काढू लागले. शेजारणींनी विणकाम बाजूला ठेवलं. बोर्बालाबाई म्हणाल्या की शेळी साडेअकरा वर्षांची आहे, आणि कुणीतरी म्हणालं की मग ती मेलेली आहे. बार्नाबाश शिट्टी काढून पोटावर पालथा झोपला आणि आकडेमोड करू लागला. देझ्यो सर मध्ये उभे राहून, मागे हात बांधून, या सगळ्या पराभूतांकडे बघत होते. एकेक जण हात टेकत गेला.

“आता सरच सोडवतील,” बोर्बालाबाई ओरडल्या. “काय हो तिवादार सर, येतंय का?”

मला आलं होतं. केव्हाच आलं होतं. सगळे दोराच्या लांबीत अडकले होते आणि दोराचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. तो नुसता घोळ घालायला घातला होता. हयातभर चुकलेले पेपर तपासलेल्या माणसाला, मुलं कुठे चुकावीत म्हणून प्रश्न कुठे वाकवलाय हे लगेच दिसतं. शेळीचं वय चार. चार फटके मारायचे आणि जिंकायचं, तेही देझ्यो सरांच्या गणितावर. मी खडू उचलला.

तेवढ्यात बार्नाबाश गवत झटकत माझ्याजवळ आला. “सर,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला सांगायला नको, पण वर ठरलंय. समितीचं नुसतं नाव. स्पर्धा संपली असा माझा अहवाल गेला की दुसऱ्या दिवशी डांबर येणार.”

“आणि संपली नाही तर?”

“चालू स्पर्धेच्या मैदानाला कुणाला हात लावता येत नाही. अगदी नगराध्यक्षांनाही. आणि नववा खड्डा कुणी जिंकल्याशिवाय विजेता ठरत नाही, विजेता नसताना स्पर्धा संपली असं मी लिहू शकत नाही.” मग तो फळ्याकडे बघत म्हणाला, “मला काय कळतंय म्हणा. मला दोनच गुण होते.”

मी बाकाकडे बघितलं. एमोके गुडघा चोळत हसत होती. तिला वाटत होतं, नवरा जिंकणार.

“काय सर?” देझ्यो म्हणाले. “अडलं कुठे?”

मी खडू खाली ठेवला. 

“मला येत नाही,” मी म्हणालो.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, “तीस वर्षं शिकवलं ना यांनी?” दुसरा म्हणाला, “म्हणूनच माझं गणित कच्चं.” देझ्यो सरांचा चेहरा आधी पडला, कारण एवढ्या सुखाची त्यांना सवय नव्हती, आणि मग असा फुलला की मला खाली बघावं लागलं. त्यांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवतोय हे बघायला मी जगलो!

“वाईट वाटून घेऊ नका. एखादी सूचना देऊ का? दोराकडे जरा...”

“नको!” मी किंचाळलो. सगळे बघू लागले. मग मला ते बोलावं लागलं, जे बोलताना जीभ झडली असती तर बरं झालं असतं. “नको, देझ्यो सर. असं गणित शतकात एखादंच होतं. ते सूचना देऊन नासवू नका. राहू दे तसंच. लोक येतील, बघतील, डोकं खाजवतील. तुमचं नाव राहील.”

देझ्यो सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बार्नाबाशने नववा खड्डा सुटेपर्यंत स्पर्धा चालूच असल्याचं जाहीर केलं.

आता त्या फळ्यावर देझ्यो सरांनी स्वखर्चाने छोटं छप्पर बांधलंय. धुराने अक्षर खराब होईल म्हणून ते आपली गाडी दोन गल्ल्या सोडून लावतात. शेजारच्या गावांतून लोक येऊन शेळीचं वय काढायला बसतात. कधी कुणी हुशार पोरगी चारच्या अगदी जवळ पोचते. मी घाईने खाली जातो आणि म्हणतो, “बाळ, तू दोराचा विचार केलास का?” आणि ती दोरात अडकते. हयातभर मी पोरांना चुकीच्या वाटेवरून ओढून आणलं. आता म्हातारपणी बरोबर वाटेवरच्यांना आडवाटेला लावतो, आणि लोक म्हणतात, बिचाऱ्याला येत नाही तरी मदत करायला येतो.

परवा दुपारी एमोके बाकावरून वर आली. उन्हाने गाल लाल झाले होते. तिने आलुबुखार भरलेले बटाट्याचे गोळे केले होते. मला राहवेना. इतके महिने मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं की बोर्बालाबाईंना कळणार आणि संध्याकाळपर्यंत गावाला, म्हणून तिलाही नाही. पण शेवटी बायको आहे.

“एमोके,” मी म्हणालो, “त्या शेळीचं वय चार आहे.”

ती ताटल्या मांडत राहिली.

“मला पहिल्यापासून माहीत होतं,” मी म्हणालो. “तिथेच, त्याच दिवशी आलं होतं मला.”

“हो रे,” ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. “चार तर चार. सगळ्यांना सगळं यायलाच हवं असं कुठे आहे? फक्त खाली कुणाला सांगू नकोस हं. उगाच हसतील.”

आणि तिने माझ्या ताटलीत एक जास्तीचा गोळा वाढला, कुणी आजारी असलं की वाढते तसा. मी तो मुकाट्याने खाल्ला.